न्यू ऑर्लिन्समध्ये साडेतीन दिवस: दोघं जण, त्यातलं एक शाकाहारी

मधली_सुट्टी

जानेवारीत एमएलकेच्या (मार्टिन लूथर किंग यांच्या नावाची सोमवारची सुट्टी) लाँग वीकेंडला ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला जायचं ठरतंय. दोघंच, मुलं नाहीत. शुक्रवारी पहाटे निघून सोमवारी रात्री परत. नवरा सगळं खातो. मी शाकाहारी, अंडं चालतं, पण मटणा-माशाच्या पाण्यात शिजलेलं काहीही नको.

गाडीने जावं की विमानाने? बर्बन स्ट्रीटवर एक हॉटेल स्वस्तात दिसतंय, घेऊ का? गाणं-बजावणं भरपूर ऐकायचंय, पण दारूच्या गोंधळात उभं राहून नाही. आणि या गावात शाकाहारी माणसाला बटाट्याच्या फ्रेंच फ्राइजपलीकडे काही मिळतं का? 'टॉप टेन'च्या याद्या वाचून झाल्या आहेत, त्या नकोत.

---

नदीकाठ

आधी हॉटेल. बर्बन स्ट्रीटवरचं स्वस्त हॉटेल स्वस्त का आहे ते रात्री दोन वाजता कळतं. तिथले बार पहाटेपर्यंत चालतात आणि जुन्या इमारतींच्या खिडक्या आवाज अडवत नाहीत. फ्रेंच क्वार्टरमध्येच, म्हणजे गावाच्या जुन्या भागातच, राहायचं असेल तर रॉयल किंवा चार्टर्स स्ट्रीटवर, शक्यतो सेंट फिलिपच्या पुढे एस्प्लेनेडच्या बाजूला बघा. बुकिंग करताना 'आतल्या चौकाकडची खोली' असं लिहून मागा. इथल्या जुन्या घरांना आपल्या वाड्यासारखा मधे चौक असतो आणि त्या बाजूला शांत असतं. (नाव फ्रेंच क्वार्टर, पण १७८८ आणि १७९४ च्या आगींत फ्रेंचांचं बांधकाम बहुतेक जळालं. आज दिसतो तो वाडा-गॅलरीचा थाट बराचसा स्पॅनिश अमलातला आणि त्यानंतरचा.) दुसरा पर्याय कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडे वेअरहाऊस डिस्ट्रिक्ट. खोल्या मोठ्या, क्वार्टर पायी दहा-पंधरा मिनिटांवर. क्वार्टरच्या बहुतेक भागात एअरबीएनबीला बंदी आहे. तिथली घरगुती खोली स्वस्तात दिसली तर पैसे भरण्याआधी पत्ता नीट तपासा.

गाडी की विमान? दोघांसाठी गाडी सोयीची, पण हिशोब पूर्ण करा. अंतर साडेतीनशे मैल, न थांबता साडेपाच ते सहा तास. पेट्रोलपेक्षा हॉटेलचं पार्किंग महाग पडतं. रात्रीला ४५-५० डॉलर सहज जातात, तेव्हा हॉटेलची तुलना पार्किंग आणि टॅक्स धरूनच करा. विमानाने गेलात तर विमानतळापासून क्वार्टरपर्यंत टॅक्सीचं ठरलेलं भाडं आहे, दोघांपर्यंत ३६ डॉलर.

रस्त्यात अडकायला होतं ते बॅटन रूजला. मिसिसिपीवरचा पूल उतरला की आय-१० चा रस्ता आवळत जातो आणि पुलावरच रांग लागते. शुक्रवारी पहाटे पाचला ह्यूस्टन सोडलंत तर नऊ-साडेनऊला तिथे पोचाल, ती वेळ त्यातल्या त्यात बरी. लाफायेतला पोचल्यावर नकाशा उघडा. पुढे पूर्ण लाल दिसला तर तिथूनच यूएस-९० ने मॉर्गन सिटीवरून खाली जा. अर्धा तास जास्त लागतो, पण गाडी चालती राहते. हा निर्णय लाफायेतलाच घ्यायला लागतो, कारण पुढे अॅचाफलायाच्या दलदलीवरचा १८ मैलांचा पूल लागतो आणि त्यावरून बाहेर पडायला जवळपास वावच नाही. पुलावर वेगमर्यादा ताशी ६० मैल आहे आणि पोलीस ती मनावर घेतात.

गाडी एकदा हॉटेलला लावली की सोमवारपर्यंत किल्लीला हात लावू नका. क्वार्टरमधल्या रहिवासी पट्ट्यात बाहेरच्यांना दोनच तास, आणि गाडी उचलून नेण्यात हे शहर फार तत्पर. वाटेत कुठे लावलीच तर आत चार्जरची वायरसुद्धा दिसता कामा नये, काच फुटते ती त्यासाठीच.

फिरायला ट्राम आहे. तिकीट सव्वा डॉलर, दिवसभराचा पास ३ डॉलर. रोख देणार असाल तर सुटे नेमके ठेवा, चालक परत देत नाही. 'ल पास' अॅपवर सोपं पडतं. सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम कॅनाल आणि कॅरॉन्डेलेटच्या कोपऱ्यावर पकडा. हा मार्ग १८३५ पासून चालू आहे आणि डबे १९२० च्या दशकातले. लाकडी बाकांची पाठ पितळी कडीला धरून पुढे-मागे ढकलता येते. शेवटच्या थांब्यावर चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाता जाता खाडखाड सगळ्या पाठी उलट्या करत जातो, ते बघायला तरी एकदा टोकापर्यंत जा. एसी नाही, पण जानेवारीत लागतही नाही. उजवीकडची खिडकी धरा.

---

डाएट_उद्यापासून

नवऱ्याचं जेवण सोपं आहे, ते आधी उरकते.

जानेवारी म्हणजे कालवांचा मोसम. पाणी गार असतं, कालवं भरलेली असतात. आयबरव्हिल स्ट्रीटवर अॅक्मी आणि फेलिक्स समोरासमोर आहेत. रांग अॅक्मीबाहेर असते, तेव्हा फेलिक्समध्ये जाऊन काउंटरवर उभं राहा. समोरचा माणूस सुरीने शिंपला उघडून पुढे सरकवतो, केचप-हॉर्सरॅडिश-लिंबू आपलं आपण कालवायचं. कच्चं नको असेल तर लसूण-लोणी-चीज घालून जाळावर भाजलेली मागवा. त्याच्या कडेला उरलेलं लोणी पावाने पुसून घ्यायचं असतं, पाव त्यासाठीच देतात. लिव्हरचा त्रास किंवा मधुमेह असेल तर कच्च्याच्या वाटेला जाऊ नये.

क्रॉफिश (गोड्या पाण्यातले छोटे शेवंडे) मात्र जानेवारीत नको. हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, आकार लहान आणि भाव चढा. मार्च ते मे हा खरा काळ.

पो-बॉय (इथलं लांब पावाचं सँडविच) सांगताना 'ड्रेस्ड' म्हणा, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयो आत येतं. नाही म्हटलं तर कोरडा पाव आणि तळलेली कोळंबी इतकंच हातात. दोघांत एक पुरतो.

ठेवणीतलं एक जेवण हवं असेल तर कमांडर्स पॅलेस, पण रात्रीचं नाही, शुक्रवारी दुपारचं. आठवड्यातल्या दुपारच्या जेवणाबरोबर २५ सेंटला मार्टिनी मिळते, माणशी तीनच. तिसरीपर्यंत कोणी जाऊ नये असं माझं मत. ह्यूस्टनहून वेळेत पोचायची खात्री नसेल तर शनिवार-रविवारचा जॅझ ब्रंच घ्या, वादक टेबलापाशी येऊन वाजवतात. टेबल तीन-चार आठवडे आधी घ्या. अर्ध्या चड्डीत, टी-शर्टात किंवा फ्लिप-फ्लॉप घालून आत घेत नाहीत. ब्रेड पुडिंग सुफ्ले मेन कोर्स सांगतानाच सांगून ठेवा, तो ताजा फुगवून आणतात, आयत्या वेळी मिळत नाही. ट्रामने वॉशिंग्टन अव्हेन्यूला उतरून नदीच्या दिशेने दोन चौक.

सोमवारी बऱ्याच चांगल्या जागा बंद असतात आणि हा सोमवार सुट्टीचा. जे चुकवायचं नाही ते रविवार रात्रीपर्यंत उरका.

बेन्येसाठी (पिठाचे चौकोनी तळलेले गोड तुकडे) काफे दु माँदला सकाळी दहाला गेलात तर रांगेतच भूक मरेल. सकाळी उघडताच किंवा रात्री नऊनंतर जा. पार्सलची रांग वेगळी असते. बसून खायचं तर रिकामं टेबल दिसलं की बसायचं, आधीच्यांच्या बशा पडलेल्या असल्या तरी, त्या येऊन उचलतात. एका बशीत तीन येतात, वर पिठीसाखरेचा ढीग. तोंडात घालताना श्वास आत घेऊ नका, साखर सरळ घशात जाते आणि ठसका लागतो. काळे कपडे घालू नका. कॉफीत चिकोरी असते, दूध निम्मंअर्धं. फिल्टर कॉफी पिणाऱ्याला ओळखीची चव वाटेल. सिटी पार्कातही त्यांचंच दुकान आहे, तिथे गर्दी कमी.

---

भेंडीची_तार

शाकाहाराबद्दल. या गावात 'व्हेजिटेबल' या शब्दाचा 'व्हेजिटेरियन'शी काही संबंध नाही, हे पक्कं धरून चला.

फसवणारे पदार्थ असे: रेड बीन्स अँड राइस, दिसतो राजमा-भात, शिजतो डुकराच्या मांसाबरोबर. डर्टी राइस हुबेहूब मसालेभात, पण तो रंग कोंबडीच्या काळजाचा. कॉलर्ड ग्रीन्स आणि हिरव्या शेंगा, दोन्हींत हॅम किंवा बेकन. गंबो म्हणजे भातावर घ्यायचं इथलं दाट सूप, त्यात भेंडी असली तरी पाणी कोंबडीचं नाहीतर कोळंबीच्या सालांचं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोवी मासा असतो आणि तो इथे ब्लडी मेरीतही पडतो. तळलेलं लोणचं, हश पपी (मक्याच्या पिठाची भजी), फ्राइज हे त्याच तेलात जिथे आत्ताच कोळंबी तळली. म्हणून 'शाकाहारी आहे का?' एवढं विचारू नका. तीन वेगळे प्रश्न विचारा: पाणी कशाचं आहे, मांस किंवा चरबी पडते का, तळणी वेगळी आहे का. वेटरला ठाऊक नसतं, पण विचारलं की आत जाऊन विचारून येतो आणि त्याचा राग धरत नाही.

आता मिळतं काय. न्याहारीला ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या जाड रव्याचा मऊ सांजा, फोडणी नाही. लोणी आणि तिखट हॉट सॉस घातलं की लागतो छान, फक्त पाण्यात किंवा दुधात शिजलाय ना एवढं विचारा. सोबत अंडं आणि बिस्किट (इथे ते मऊ पावासारखं असतं). दुपारी किलर पोबॉइजचा रताळ्याचा पो-बॉय. भाजलेलं रताळं, चवळी आणि पिकान नटाचं वाटण, वर पालेभाजी. तडजोड म्हणून केलेला पदार्थ नाही तो, मांस खाणारेही मागवतात. बायवॉटरमध्ये स्नीकी पिकल, बायू सेंट जॉनजवळ वन थाउजंड फिग्जचं फलाफल. मॅगझिन स्ट्रीटवर सॅफ्रन नोला आहे. एका पंजाबी कुटुंबाचं, भारतीय आणि क्रिओल, म्हणजे इथल्या स्थानिक, स्वयंपाकाचा मेळ घातलेलं. प्रवासात भारतीय जेवण कशाला म्हणणाऱ्यांनीही हे वेगळं धरावं, आणि दोघांना एकाच टेबलावर पोटभर मिळण्याची खात्रीची जागा हीच. मोठ्या जुन्या रेस्टॉरंटात टेबल घेताना शाकाहारी असल्याचं लिहून ठेवा. आधी कळलं तर नीट ताट करतात, ऐन वेळी सांगितलं तर साइड डिशेस एकत्र करून आणतात.

गंबोची हौस मात्र घरीच भागवा, चार-पाच जणांना पुरेल असा. जाड बुडाच्या भांड्यात अर्धा कप तेल, अर्धा कप मैदा, मंद ते मध्यम आच, आणि ३५-४० मिनिटं हलवत राहणं. फोन बाजूला. बेसनाच्या लाडवाला जी नजर ठेवता तीच, फक्त इथे थांबायचं फार उशिरा असतं. आधी वाळूचा रंग येतो, मग दाण्याच्या कुटाचा, मग तांब्याचा, शेवटी डार्क चॉकलेटचा. काळे ठिपके दिसले की जळलं, ते कडूच राहणार, टाकून पुन्हा सुरू करा. मिश्रण कढत असतं, अंगावर उडालं तर चिकटून भाजतं, म्हणून लांब दांड्याचा लाकडी कालथा. रंग आला की लगेच दोन बारीक चिरलेले कांदे, एक ढोबळी मिरची, दोन दांड्या सेलरी. भाजी पडली की भांडं निवतं आणि मैदा पुढे जळायचा थांबतो. मग पाव किलो भेंडी, पण ती आधी वेगळ्या तव्यावर तार जाईपर्यंत परतून. सहा कप गरम भाजीचं पाणी थोडं थोडं, मशरूम, तमालपत्र, थाइम, एक चमचा स्मोक्ड पॅप्रिका (सॉसेजचा धुरकट वास त्यातूनच येतो), लाल तिखट, मीठ. पाऊण तास मंद उकळी.

पातळ होतो ही नेहमीची तक्रार. मैदा जितका काळा भाजाल तितकी त्याची दाट करण्याची ताकद जाते, म्हणून दाटपणा भेंडीने आणायचा. फिले पावडर (सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड) वापरलीत तर गॅस बंद केल्यावरच घाला, उकळली की चिकट दोरे सुटतात. वाढताना खाली भात, वर गंबो. कढी-भातासारखं, उलटं नाही.

---

सेकंड_लाइन

गाण्याचं सांगतो. प्रिझर्वेशन हॉल आणि फ्रेंचमन स्ट्रीट, दोन्ही करा, एकाच रात्री नको.

प्रिझर्वेशन हॉल (१९६१ पासून) म्हणजे एक रंग उडालेली खोली. आत खाणं नाही, पिणं नाही, कार्यक्रम चालू असताना फोटो नाही, ४५ मिनिटांचा खेळ. तुम्हाला दारूचा गोंधळ नको ना, मग हेच. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. साध्या तिकिटात बहुतेकांना मागे उभं राहावं लागतं, पाय दुखत असतील तर बसायच्या जागेचे जास्त पैसे द्या.

फ्रेंचमन स्ट्रीट एस्प्लेनेडच्या पलीकडे, तीन-चार चौकांत डझनभर जागा. स्पॉटेड कॅटमध्ये पारंपरिक, डीबीएमध्ये ब्रास बँड, स्नग हार्बरमध्ये तिकीट काढून बसून ऐकायचं आधुनिक जॅझ. बहुतेक ठिकाणी दाराशी पैसे नाहीत, पण प्रत्येक सेटला माणशी एक ड्रिंक घ्यावं लागतं, सोडा चालतो. बादली फिरते तेव्हा माणशी पाच डॉलर टाका, वादकांचं घर त्यावर चालतं. वीसच्या नोटा आधीच मोडून एक-पाचच्या करून ठेवा. २०१५ पासून बारमध्ये सिगारेट बंद, त्यामुळे कपड्यांना वास येत नाही. रात्री परत येताना अंधारे रस्ते टाळा, उबर घ्या.

रविवारी दुपारी 'सेकंड लाइन' निघते का बघा. वस्तीतल्या मंडळाची मिरवणूक, पुढे ब्रास बँड, मागे कोणीही नाचत सामील व्हावं. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझेड रेडिओच्या वेबसाइटवर येतो. चार तास चालते, मधे थांबे असतात, पहिल्या थांब्याला जाऊन मिळालात तरी चालतं. नाचणाऱ्यांच्या मधे घुसून फोटो काढू नका, कडेने चाला.

रस्त्यात प्लास्टिकच्या ग्लासातून पिणं इथे चालतं, काचेची बाटली नाही. कोणी हसत येऊन 'तुमचे बूट कुठून घेतलेत ते मी सांगतो, वीस डॉलरची पैज' म्हणाला तर चालत राहा. उत्तर असतं 'तुमच्या पायात, बर्बन स्ट्रीटवर', आणि मग तो वीस डॉलर मागतो. कोणी आपणहून तुमच्या गळ्यात मणी घातले तरी तेच.

आणि उच्चार. देवनागरीत लिहिता येतात ते बरं. बरगंडी स्ट्रीट म्हणताना जोर 'गं'वर. चार्टर्स, 'शार्त्र' नव्हे. Tchoupitoulas लिहिलेला रस्ता म्हणजे चॉपिटूलस. टॅक्सीवाल्याला फ्रेंच ऐकवू नका.

---

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार, शुक्रवार दुपारचं टेबल मिळालं. दोन प्रश्न उरले. स्वॅम्प टूर (दलदलीतली बोटीची सहल) घ्यायची का? आणि कमांडर्सला साडी नेसून गेलं तर चालेल ना?

---

नदीकाठ

साडी उत्तम, पण ट्रामची पायरी उंच आहे आणि तिथल्या फरश्या ओकच्या मुळांनी उचकटलेल्या. टाचेच्या चपला पिशवीत ठेवून सपाट बुटांत चाला. वर शाल हवी, जानेवारीत दुपारी १६-१७ अंश असलं तरी नदीवरचा दमट वारा हाडांत शिरतो.

स्वॅम्प टूर माझ्या मते या मोसमात नको. हवा १३ अंशांच्या खाली गेली की अॅलिगेटर हालचाल थांबवून चिखलात पडून राहतात. पैसे भरून झाडं बघून याल. त्यापेक्षा संध्याकाळी कॅनाल स्ट्रीटच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या अल्जियर्सची फेरी बोट घ्या, माणशी २ डॉलर, पाच-सात मिनिटांचं पाणी. सूर्य मावळताना सेंट लुई कॅथीड्रल नदीतून दिसतं.

---

सेकंड_लाइन

झाडं बघून याल म्हणजे काय? थंडीत सायप्रसची पानं गळालेली असतात, लोंबणारं शेवाळ आणि पक्षी जास्त स्पष्ट दिसतात. पैसे नसतील द्यायचे तर मरेरोजवळ बाराटारिया प्रिझर्व्हची लाकडी पायवाट फुकट आहे, अर्ध्या तासावर. फक्त काही भाग बंद असू शकतो, पार्कच्या पानावर बघून जा. अॅलिगेटर मात्र दिसणार नाहीत, तेवढं नदीकाठ यांचं खरं.

---

नदीकाठ

किल्लीला हात लावू नका म्हणालो होतो, पण ठीक. सोमवारी परतीच्या वाटेवर घ्यायचं तर व्हिटनी प्लँटेशन घ्या. २०१४ मध्ये सुरू झालेलं, गुलामांच्या बाजूने सांगितलेलं संग्रहालय. एमएलकेच्या दिवशी मोठ्या हवेलीत लग्नाचे फोटो काढण्यापेक्षा हे बरं. आय-१० वरून ग्रॅमर्सीला उतरून पुलाने नदी ओलांडायची, एकूण तासभर. त्या दिवशी उघडं आहे ना ते तिकीट काढतानाच कळेल. दोन तास धरा आणि बारापर्यंत निघा, म्हणजे बॅटन रूजची संध्याकाळची रांग चुकते.

---

डाएट_उद्यापासून

आणि किंग केक घेतल्याशिवाय गाव सोडू नका. सहा जानेवारी ते मार्डी ग्रा (इथला कार्निव्हलचा सण) एवढाच त्याचा काळ. दालचिनीचा गोल पाव, वर जांभळी-हिरवी-सोनेरी साखर. प्लास्टिकचं बाळ आत नाहीतर सोबत येतं, ज्याच्या वाट्याला आलं त्याने पुढचा केक आणायचा. डोंग फुओंगचा नावाजलेला, पण आगाऊ नोंदणी संपून जाते आणि दुकान ह्यूस्टनच्या नेमकं उलट दिशेला. मेटरीतलं मॅनी रँडाझो तुमच्या वाटेवर पडतं. सोमवारी सकाळी उघडताच जा. गाडीत आडवा ठेवा, हीटरच्या झोतापासून लांब, आयसिंग वितळतं. घरी फ्रिजमध्ये ठेवू नका, पाव कडक होतो. खाण्याआधी तुकडा दहा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये, पण बाळ काढून घेतलंय ना ते बघून.